चांदीच्या दूर्वा उंदराने नेल्या

मी एका पतसंस्थेत सोनेतारणाच्या काऊंटरवर बसते, यंदा अकरा वर्षं होतील. संस्थेचं आणि गावाचं नाव लिहीत नाही, रत्नागिरी जिल्ह्यातलं समुद्राकाठचं गाव आहे एवढं पुरे. हे लिहायचं कितीतरी दिवस मनात होतं पण हात पुढे होत नव्हता, शेवटी वहिनीच म्हणाली, लिहा ताई, आपण गप्प बसून काय मिळवलं? म्हणून लिहितेय.

काऊंटरवर इतकी वर्षं बसलं की सोनं कशासाठी आलंय ते महिन्यावरून कळायला लागतं. जूनमध्ये येतं ते शाळेसाठी आणि भाताच्या बियाण्यासाठी. बंदरावरच्या बायका येतात कारण १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, हातात काही नसतं. गणपतीच्या आधी येतं ते सणासाठी, आणि आंब्याचे पैसे हातात आले की बहुतेक सगळं सुटून परत जातं. हे सोनं येतं-जातं, त्याची मला काळजी वाटत नाही. पण एक दुसरं सोनं असतं, त्याला महिना नसतो. पहिल्यांदा बारशातली बाळाची अंगठी येते, मग कानातलं, मग एकेक बांगडी, जोडी नाही हां, एकेकच. आणि सगळ्यात शेवटी मंगळसूत्र. ते सुटत नाही. मुदत संपते, नोटीस जाते, व्याजापुरते पैसे घेऊन ती बाई येते आणि नवं करून जाते. आमच्या फॉर्मवर कर्जाचं कारण म्हणून एक रकाना आहे. त्यात मी माझ्या हाताने इतक्या वेळा "घरखर्च" लिहिलंय की आता तो शब्द लिहिताना मला कसंतरी होतं.

२०२१ च्या मार्चमध्ये आमची वहिनी आली. माझ्या धाकट्या भावाची बायको, माझ्यापेक्षा लहान आहे पण मी वहिनीच म्हणते. मला बघून दारातच थबकली, मग जवळ येऊन हळू म्हणाली, ताई तुम्ही नका करू, दुसऱ्या कोणाला तरी करू द्या ना. दुसरं कोणी नव्हतंच. सोनाराने मंगळसूत्र हातात घेतलं, दोन वाट्या आणि सोन्याचे मणी काढून घेतले, वाट्यांत लाख भरलेली असते त्याची घट धरली, कसोटीवर घासून बघितलं, निव्वळ वजन ७ ग्रॅम ३४० मिली. काळे मणी आम्ही घेत नाही, ते वजनात धरत नाहीत. ते त्याने कागदावर ठेवून तिच्याकडे सरकवले. तिने तिथेच उभं राहून ते मणी परत दोऱ्यात ओवले, एकही खाली पडू दिला नाही, दाताने गाठ मारली, गळ्यात घातलं आणि साडीचा पदर वर ओढून घेतला. मग सही केली. आणि मी, सख्खी नणंद, सगळं माहीत असून कारणाच्या रकान्यात घरखर्च लिहिलं.

सगळं माहीत होतं म्हणजे काय, तर भाऊ गर्द ओढत होता. ब्राऊन शुगर म्हणा, ब्राऊन हेरॉईन म्हणा, आमच्याकडे पेपरात तसंच येतं. तो पिकअप चालवायचा, बंदरावरून मासळी भरायची आणि रात्रीतून आंबा घाट चढून कोल्हापूरला पोचवायची, पहाटे उतरवून लगेच परत. झोप नाही. कोणीतरी गांजा दिला, मग कोणीतरी पुडी दिली. ही २०१९ ची गोष्ट. लॉकडाऊनमध्ये गाडी बंद झाली आणि तो घरात सापडला, म्हणजे तोपर्यंत आम्हाला कोणाला कळलंच नव्हतं. दोन दिवस पुडी मिळाली नाही तर त्याला जांभयांवर जांभया, नाकाडोळ्यांतून पाणी, अंगावर काटा, जुलाब, हाडं कोणी कुटतंय असं ओरडायचा. वहिनीला वाटलं लेप्टो झाला, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस, पावसाळ्यातला ताप. आमच्याकडे चिखलात काम करून असं अंग धरलं की पहिला लेप्टोच आठवतो, ती बिचारी त्याला रक्त तपासायला घेऊन गेली. रिपोर्ट चांगला आला. संध्याकाळी हा बाहेर जाऊन आला आणि एकदम टवटवीत. पुडी न मिळाल्यावर जे होतं त्याला ओढणाऱ्यांच्यात टर्की म्हणतात हे आम्हाला नंतर कळलं, वहिनीला तर ते शब्दच नवीन, टर्की, पन्नी, पुडी.

पन्नी म्हणजे ज्यावर ठेवून ते ओढतात ती फॉईल, तिच्यावरूनच तिला कळलं. मुलांच्या डब्यातली पोळी गुंडाळायची फॉईल असते ना, तिचा रोल पंधरा दिवसांत संपायला लागला. आधी तिला वाटलं मुलगीच चित्रकलेला वापरते. मग एकदा संडासच्या खिडकीत एक तुकडा सापडला, हातभर लांब घडी घातलेला आणि मधोमध काळी रेघ, गोगलगाय फिरून गेल्यासारखी. तिने तो वास घेऊन बघितला आणि ब्लाऊजमध्ये खुपसून ठेवला, दोन दिवस तो तुकडा तिच्या अंगावर होता, कोणाला दाखवायचा ते कळेना. शेवटी आईला दाखवला. आई म्हणाली, चुलीत टाक. आणि वर म्हणाली, घरातलं घरात ठेव बाय.

मी आईला दोष देत नाही, म्हणजे खूप दिवस दिला, आता देत नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची ह्यावर तिचा सगळा संसार गेलेला. त्या वर्षी गणपतीला माळ्यावरून देवाच्या चांदीची पितळी डबी काढली, त्यात आजोबांच्या वेळच्या एकवीस चांदीच्या दूर्वा, एक जास्वंदीचं फूल आणि उंदीर असं असायचं. डबी उघडली तर त्यात नुसता गुलाबी कागद. घरात मुंबईहून आलेले चुलते, चुलत्या, मुलं, सगळे बघतायत. आई एका क्षणात म्हणाली, उंदराने नेली असतील, माळ्यावर लई झालेत. कोणी काही बोललं नाही. पितळेची डबी, झाकण घट्ट, आणि उंदीर म्हणे. सगळ्यांना कळलं आणि सगळ्यांनी आरती सुरू केली. भाऊ टाळ वाजवत होता.

मला वाटतं ह्या व्यसनाचा पहिला पेशंट ओढणारा असतो आणि दुसरा पेशंट त्याच्या घरातली बाई असते, आणि दुसऱ्या पेशंटकडे कोणी बघतच नाही, उलट तिलाच कामाला लावतात. त्याच्यावर नजर ठेवायची तिने. पैसे लपवायचे तिने. उसनवारी मागायला आलेल्याला खोटं सांगायचं तिने, गाडीमालकाचा फोन आला तर ताप आलाय सांगायचं तिने. रात्री तो आला नाही तर मोबाईलची बॅटरी लावून बंदरापर्यंत जायचं तिनेच. आणि एवढं करून लोकांनी विचारायचं तिलाच, की तू काय केलंस? लग्नाआधी असा नव्हता गो. माहेरी गेली तर आई म्हणणार पदरी पडलं पवित्र झालं. वहिनीने मला एकदा सांगितलं की ताई, मार लागायचा त्याचं एवढं नाही वाटायचं, पण सकाळी तो रडत माफी मागायचा ना, तेव्हा मी त्याला जवळ घ्यायची आणि मला माझीच भीती वाटायची.

तिची तब्येत कुणी बघितली नाही. चौतीस वर्षांची बाई, बीपी सुरू झालं, झोप दोन-तीन तास, पाळी अनियमित, केस मूठमूठ गळायचे. काजूच्या फॅक्टरीत गर काढायला जायची, तिथे झोपेत बोटं भाजली, म्हणजे टरफलाच्या तेलाने सालं निघाली. आम्ही तिला म्हणायचो, तू खंबीर आहेस म्हणून चाललंय. हे वाक्य मी आता कुठल्याच बाईला बोलत नाही. खंबीर म्हटलं की आपण मोकळे होतो, मदत करायला नको.

मुलगी तेव्हा अकरा वर्षांची. बाईक उतारावरून येताना तो गिअर कसा टाकतो त्याच्या आवाजावरून तिला कळायचं आज कसा मूड आहे, आणि ती धाकट्या भावाला उचलून मागच्या पडवीत न्यायची. दप्तर उशाला घेऊन झोपायची कारण दप्तरात तिचा गल्ला होता, पोह्याच्या डब्यासारखा प्लास्टिकचा. एक दिवस तो गल्लाही गेला. ती रडली नाही, दुसऱ्या दिवशी शाळेतून आली आणि भांडी घासायला बसली, आईला म्हणाली, तू जरा पड. मुलं वयाच्या आधी शहाणी झाली की गाव कौतुक करतं, काय समजूतदार पोरगी आहे. मी पण केलं होतं. आता वाईट वाटतं.

२०२३ च्या ऑगस्टमध्ये दापोलीच्या किनाऱ्यावर चरसाची पाकिटं वाहून आली ते आठवत असेल सगळ्यांना, कर्दे, लाडघर, केळशी अशी एकामागून एक, दोनशे किलोच्या वर माल कस्टमने आणि पोलिसांनी गोळा केला. टीव्हीवर तेच, व्हॉट्सअॅपवर तेच, आमच्या गावातली पोरं पण सकाळी उठून पुळणीवर चक्कर मारायला लागली की आपल्याकडे काय येतंय का. मीटिंग झाली, पोलीसपाटील बोलले, संशयास्पद काही दिसलं तर हात लावू नका. बरोबरच आहे ते. पण त्या मीटिंगमध्ये मागे बायका बसल्या होत्या त्यातल्या निदान चार जणींच्या घरात पुडी आधीच पोचलेली होती हे मला माझ्या काऊंटरवरून माहीत होतं, आणि आम्ही पाचही जणी समुद्राकडे बघत बसलो होतो. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये खोपोलीजवळ एमडीचा कारखाना सापडला, तो शेजारच्या रायगड जिल्ह्यात. एमडी म्हणजे मेफेड्रोन, २०१५ मध्ये ते अमली पदार्थांच्या कायद्याच्या यादीत आलं, त्याच्या आधी ते उघड मिळायचं. ते घेतलं की दोन दोन दिवस झोप नाही, भूक नाही, आणि मग संशय. बायकोवर संशय. गर्द ओढणारा माणूस निदान पेंगत पडतो, एमडीवाल्याच्या घरातली बाई रात्रभर उत्तरं देत बसते की फोनवर कोण होतं.

आता दुसऱ्या बाजूचं लिहिते, जे लिहायला मला जास्त जड जातंय. बाई स्वतः व्यसनात असते तेव्हा काय होतं.

आमच्या नात्यातली एक होती. बाळंतपणानंतर झोप लागेना म्हणून डॉक्टरांनी झोपेची गोळी दिली पंधरा दिवसांसाठी, ती पंधरा दिवसांची गोळी पाच वर्षं चालली, एकाच्या चार झाल्या, दुकानदार ओळखीचा, चिठ्ठी कोण विचारतं. घरी नवरा प्यायचा आणि मारायचा, हिला गोळी घेतली की काही वाटायचं नाही, एवढंच तिचं सुख. सासरच्यांना कळलं तेव्हा त्यांनी सगळ्या पट्ट्या गोळा करून विहिरीत फेकल्या. तिसऱ्या दिवशी तिला फीट आली. ह्या गोळ्या अशा एकदम बंद करायच्या नसतात, हळूहळू उतरवायच्या असतात, एकदम तोडल्या तर फीट येते, जीवावर बेतू शकतं, दारूचंही तसंच, वर्षानुवर्षं रोज पिणाऱ्याची एकदम बंद केली तर भास होतात, फीट येते. हे घरात कोणालाच माहीत नव्हतं. त्यांना वाटलं अंगात आलं. देवळात गाऱ्हाणं घातलं, कौल लावला, कोंबडा दिला. दुसरी फीट आली तेव्हा दवाखान्यात नेलं. ती वाचली पण सासरच्यांनी परत घेतली नाही, मुलगा ठेवून घेतला. नवरा अजून पितो आणि तो त्याच घरात आहे. माहेरी तिला मागच्या खोलीत ठेवलंय, पाहुणे आले की दार लावून घेतात.

पुरुषाला व्यसन लागलं की त्याचं लग्न लावून देतात, सुधारेल म्हणून. बाईला लागलं की तिचं लग्न मोडतं. 

भारत सरकारने २०१९ मध्ये व्यसनांच्या देशभरातल्या पाहणीचा अहवाल काढला, त्यात दारू पिणारे पुरुष २७.३ टक्के आणि बायका १.६ टक्के असा आकडा आहे. आकडा खोटा म्हणत नाही मी. पण माझ्या डोळ्यासमोर ती पाहणी येते, दारात कोणीतरी वही घेऊन उभं, ओटीवर सासू बसलेली, आणि आतून सून सांगतेय की हो, मी घेते. कोण सांगेल? संयुक्त राष्ट्रांच्या २०१८ च्या अहवालात होतं की जगात अमली पदार्थ घेणाऱ्या तिघांत एक बाई असते पण उपचार घेणाऱ्या पाचांत एकच. ह्या दोन आकड्यांच्या मधल्या बायका कुठे आहेत, तर मागच्या खोलीत आहेत, दार लावून. आणि बाईच्या शरीरात हे भिनतंही लवकर. सुरुवातीपासून पुरतं अडकेपर्यंत पुरुषाला जेवढा काळ लागतो त्याच्यापेक्षा बाईला बहुधा कमी लागतो, डॉक्टर सांगतात. पोटुशी असेल तर बाळ अशक्त, दिवस भरायच्या आधी होतं, गर्द घेणारीचं बाळ जन्मल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी टर्कीत जातं, थरथरतं, किंचाळतं, दूध ओढत नाही. पण म्हणून पोटुशी बाईचं एकदम बंद करायचं हे पण धोक्याचं, त्याला डॉक्टरच लागतो, घरात कोंडून होत नाही.

मशेरीचंही सांगते, कारण ते आपण व्यसनात धरतच नाही. माझी आजी, आई, शेजारच्या काकू, सकाळी तव्यावर तंबाखू भाजायचा वास म्हणजे आमच्या गल्लीची सकाळ. दात घासायचे म्हणून लावतात आणि मग दिवसातून पाच-सहा वेळा. मुंबईत गरोदर बायकांवर एक अभ्यास झाला होता, २००४ मध्ये छापून आला, त्यात मशेरी, तंबाखू अशी वापरणाऱ्या आयांची बाळं सरासरी १०५ ग्रॅमने हलकी निघाली. मी दिवसभर ग्रॅममध्ये जगते. १०५ ग्रॅम सोनं एका वेळी माझ्या काट्यावर वर्षातून एखाद्या वेळीच येतं. आणि हे बाळाच्या अंगावरचं.

उपचारांकडे येते. आम्ही दोन वर्षं फुकट घालवली ती दोन भीतींमुळे. एक भीती पोलिसांची, की दवाखान्यात नेलं की केस होणार. तसं नाहीये. १९८५ चा जो अमली पदार्थांचा एनडीपीएस कायदा आहे त्यातच ६४ अ कलम आहे, जो नुसता व्यसनी आहे, विकत नाही, आणि स्वतःहून सरकारी किंवा मान्यता असलेल्या केंद्रात उपचाराला जातो, त्याला सेवनाच्या आणि थोडा माल जवळ असल्याच्या गुन्ह्यात खटल्यापासून संरक्षण मिळतं, फक्त उपचार पूर्ण करायचे. हे आम्हाला एका वकील बाईंनी सांगितलं तेव्हा वहिनी म्हणाली, हे दोन बांगड्या आधी कळलं असतं तर. दुसरी भीती लोकांची. रत्नागिरीचं मनोरुग्णालय १८८६ सालचं, आम्ही लहानपणी कोणी वेड्यासारखं वागलं की त्याच्या नावाने चिडवायचो, आणि आता मानसोपचारवाल्या डॉक्टरकडे जायचं म्हणजे तेच चिडवणं आपल्या दारात येणार असं आईला वाटायचं.

शेवटी २०२२ च्या जानेवारीत त्याला पुण्याला नेलं. पुण्यात मुक्तांगण आहे ते सगळ्यांना माहीत असेल, १९८६ मध्ये डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट ह्यांनी सुरू केलेलं, त्याला पुलं आणि सुनीताबाईंनी पैसे दिले होते, सुनीताबाई आमच्या रत्नागिरीच्या माहेरवाशीण. तिथे व्यसनी माणसांच्या बायकांसाठी सहचरी नावाचा गट आहे आणि व्यसनात अडकलेल्या बायकांसाठी निशिगंध नावाचा वेगळा विभाग. मी हे मुद्दाम लिहितेय कारण खूप जणींना वाटतं केंद्र म्हणजे पुरुषांचंच. भावाला दुसऱ्या एका केंद्रात ठेवलं होतं, पण बायकांची मीटिंग असते ही कल्पनाच वहिनीला पुण्यात पहिल्यांदा कळली. ती एका मीटिंगला जाऊन आली. बाहेर आली तेव्हा चेहरा वेगळाच. म्हणाली, ताई, तिथे एक नाशिकची होती तिच्या घरी पण देवाची चांदी गेली आणि तिची सासू पण उंदीरच म्हणाली. आणि हसली. दोन वर्षांत पहिल्यांदा मी तिला दात दिसेपर्यंत हसताना बघितलं, मग ती एसटी स्टँडवर बसून पोटभर रडली.

चार महिन्यांनी त्याने परत सुरू केलं. तेव्हा घरात सुतक लागल्यासारखं झालं, आई म्हणाली पैसे पाण्यात गेले. आम्हाला कोणी नीट समजावलं नव्हतं की हा आजार बीपी-शुगरसारखा आहे, परत डोकं वर काढतो, म्हणून उपचार वाया गेला असं नसतं. आणि एक फार महत्त्वाचं, बंद करून परत सुरू करणारा माणूस जास्त धोक्यात असतो. मधल्या दिवसांत शरीराची सवय मोडलेली असते आणि तो जुन्याच मापाने ओढतो किंवा टोचतो, श्वास मंद होत होत थांबतो. आमच्या ओळखीतला एक मुलगा असाच गेला, केंद्रातून येऊन आठवडा झाला नव्हता. त्याच्या बायकोला लोकांनी सांगितलं हार्ट अटॅक.

दुसऱ्या वेळी डॉक्टरांनी गोळी सुरू केली, ब्युप्रेनॉर्फिनची. जिभेखाली ठेवायची, विरघळेपर्यंत गिळायची नाही, गिळली तर फार उपयोग होत नाही. त्याने टर्की येत नाही आणि डोकं ठिकाणावर राहतं. काही लोक म्हणतात एक नशा सोडवून दुसरी लावली, मी म्हणते तुम्ही येऊन बघा. सकाळी सात वाजता तो स्वयंपाकघरात पाटावर बसतो, वहिनी कुलपातली पट्टी काढून एक गोळी देते, तो जीभ वर करून ठेवतो आणि तोंड मिटतो. पाच ते दहा मिनिटं लागतात. तेवढ्यात ती तीन भाकऱ्या थापते. तिसरी तव्यावरून उतरली की म्हणते, आ कर. तो आ करतो. ती बघते. मग चहा. चौदा महिने झाले हे रोज चाललंय, गणपतीत पण, तिच्या वडिलांच्या दहाव्याला पण पट्टी बरोबर नेली होती. हे प्रेम आहे का पहारा आहे मला सांगता येत नाही. तिला एकदा विचारलं तर म्हणाली, कंटाळा आलाय ताई, पण भाकऱ्या चांगल्या गोल व्हायला लागल्या.

जमिनीचं राहिलं. मधल्या काळात भावाने आंब्याची कलमं दोन वर्षांच्या खंडाने देऊन पैसे आगाऊ उचलले होते, नंतर घरच विकायला काढलं. सातबारावर आई, तो आणि मी, मी सही दिली नाही, त्याने माझ्याशी वर्षभर बोलणं सोडलं. सही न देणं हे मी आयुष्यात केलेलं एक बरं काम. पण जिचं नाव कुठेच नाही तिचं काय? तर २००५ चा घरगुती हिंसाचाराचा कायदा आहे, त्यात बाईला ती राहते त्या घरात राहायचा हक्क आहे, घर तिच्या नावावर नसलं तरी, आणि ते घर विकू नये असा आदेश कोर्टाकडून मागता येतो, खर्चासाठी पैसेही मागता येतात. संरक्षण अधिकारी असतात त्यांच्याकडे जायचं. वहिनीला केस नको होती, तिने केली नाही. पण करता येते हे कळल्यावर ती घरात वेगळ्या आवाजात बोलायला लागली, ते मी ऐकलंय.

फोन नंबर देते, फुकट आहेत. व्यसनमुक्तीसाठी १४४४६. मन थाऱ्यावर नसेल, झोप नसेल, तर १४४१६, हा घरच्या बाईनेही स्वतःसाठी लावायचा, त्याच्यासाठी नाही. घरात मारहाण होत असेल तर १८१. तो तयार होईल मग बघू असं थांबू नका. तो तयार नसला तरी तुम्ही जाऊ शकता, वहिनी बायकांच्या मीटिंगला जायला लागल्यावर तिने त्याच्यासाठी खोटं बोलणं बंद केलं, गाडीमालकाला सरळ सांगितलं की ताप नाही, पडलाय, आणि त्यानंतरच तो स्वतः म्हणाला चल डॉक्टरकडे. सगळ्यांचं असं होईल असं नाही, पण ती निदान तोवर झोपायला तरी लागली होती.

आमच्या काऊंटरवरच्या फॉर्मवरचा रकाना अजून तोच आहे. मी आता एवढंच करते की एकेकटी बांगडी घेऊन कोणी आली की सोनार वजन करत असताना तिला बाजूच्या खुर्चीवर बसवते, पाणी देते आणि विचारते, घरी सगळं ठीक ना गो? बहुतेक जणी हो म्हणतात. गेल्या वर्षभरात तिघी रडल्या. तिघींना मी वहिनीचा नंबर दिला, तिला विचारूनच. रविवारी दुपारी त्या चौघी आमच्या पडवीत बसतात, कोकम सरबत करून देते मी आणि आत निघून जाते.

मागच्या सोमवारी वहिनी काऊंटरला आली. काजूच्या पगारातून साठवलेले, सगळ्या पन्नास-शंभरच्या नोटा, रबर लावलेल्या. मला वाटलं मंगळसूत्र सोडवणार. तिने मुलीच्या रिंगांची पावती पुढे केली, २ ग्रॅम १००. मी पाकिटाचं सील तिच्यासमोर फोडलं, काट्यावर ठेवून दाखवलं, तिने वाकून आकडा वाचला आणि मान हलवली. मंगळसूत्राचं व्याज पुढच्या महिन्याच्या दहा तारखेला आहे, ते तिने पावतीच्या मागे पेनाने लिहून घेतलं.